बेसिनजवळचे खिळे

पोटासाठी माणूस काय काय करतो. कुणी घरदार सोडून परमुलखात जातो, कुणी साहेबाची पिशवी उचलतो. मी गळ्यात तुळशीची माळ घातली. तीही पोट भरावं म्हणून नव्हे, पोट उतरावं म्हणून.

मी हनुमंत. भोरमध्ये एका सरकारी कचेरीत कारकून आहे. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, सांगितलं तर तुम्हीही एखादा अर्ज घेऊन याल. माझ्या टेबलावरून कागद पुढं सरकतो किंवा सरकत नाही, आणि या दुसऱ्या शक्यतेमुळे मला समाजात मान आहे. चैत्र लागला की हा मान ताटात दिसायला लागतो. आमच्या भोर-वेल्ह्यात चैत्र-वैशाखात रोज कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा असते. पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मटण-भाकरी. या मटणाला आमच्याकडं नुसतं ‘तिखट’ म्हणतात. "तिखटाला या बरं का साहेब," असं कुणी म्हणालं की समजायचं, याचा कागद अडकलाय.

मी जातो. न जाऊन कसं चालेल? माणसं दुखावतात. माणसं दुखावू नयेत म्हणून मी इतकी वर्षं मटण खात आलो आणि माझ्या पॅंटी दरवर्षी शिंप्याकडं जात आल्या. (आता शिंपीच म्हणतो, "साहेब, सैल करायला कापड उरलं न्हाई.")

या वर्षी पाडवा झाला आणि माझी बायको स्नेहल मला नसरापूरला आहारतज्ज्ञ शेफाली मॅडमकडं घेऊन गेली. बाजारपेठेत मेडिकलच्या वर एक गाळा, तोच दवाखाना. भिंतीवर फोटोंच्या जोड्या लावलेल्या. डावीकडे फुगलेला माणूस, खाली लिहिलेलं ‘उपचारापूर्वी’. उजवीकडे तोच माणूस वाळलेला, खाली ‘उपचारानंतर’. वाळलेले सगळे हसत होते. फुगलेले हसत नव्हते, पण ते नुकतेच जेवून आलेले दिसत होते आणि मला तेच जास्त सुखी वाटले.

"साखर उंबऱ्यापर्यंत आलीय," मॅडम रिपोर्ट बघत म्हणाल्या.

"आत नाही ना आली?"

"येईल की. तुम्ही दार उघडंच ठेवलंय."

मग त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप घालून दिलं. जे खाल ते त्यात लिहायचं, ते कॅलरी मोजतं. "काही सोडू नका," मॅडम म्हणाल्या. "घरी खा, बाहेर खा, मजेत खा. फक्त मोजून खा." बाई मला एकदम आवडल्या. घरी आल्यावर कळलं की मोजायचं काम स्नेहलनं स्वतःकडं घेतलंय.

तिनं सोनाराकडं असतो तसला बारका काटा आणला. ताटात दुधी आला, मुगाचं वरण आलं आणि भाकरीसारखं काहीतरी आलं.

"ही भाकरी आहे की भाकरीचा नमुना?" मी विचारलं.

"अर्धी आहे."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती माझी. मीपण तुमच्याबरोबरच करतेय ना."

नवरा-बायकोनं सगळं अर्धं अर्धं वाटून घ्यावं असं लग्नात सांगतात, पण त्यात दुधी येतो हे भटजी बोलत नाहीत.

घरचं एक वेळ जमलं. बाहेरचं कसं जमावं? त्याच आठवड्यात वेल्ह्याकडच्या एका गावात तिखटाला गेलो. पंगतीत बसतोय तोच वाढपी बादली घेऊन हजर.

"बास बास," मी ताटावर हात आडवा धरला. "डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"कंच्या डाक्टरनी? आमचं डाक्टर त्ये बघा, तिसऱ्या ताटावर बसल्यात. त्येंनी तिसऱ्यांदा घेतलं!"

"शुगर आहे हो मला."

"मग भाकरी नका खाऊ. नुसतं मटण खावा."

"पोट भरलंय."

वाढप्याचा चेहराच पडला. "म्हंजी आमच्या आदी कुनाकडं जेवून आलासा व्हय?"

आता हा प्रश्न आमच्याकडं साधा नाही. यावरून दोन घरांचं बोलणं बंद होतं. मी मुकाट्यानं हात बाजूला केला आणि ताटात लाल रश्शाचं तळं झालं. त्या तळ्यात बुडत असताना माझं लक्ष समोर गेलं. समोर शेजारच्या गावचे माजी सरपंच आनंदराव बसले होते. वाढपी बादली घेऊन त्यांच्यापुढं वाकला, त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ बघितली, "राम कृष्ण हरी" म्हणाला आणि पुढं निघून गेला. बास. ना आग्रह, ना शपथा, ना ‘दोनच तुकडं’. बादली माणसाला न शिवता निघून जाते, हे दृश्य मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

मी तिथंच ठरवलं. माळ घालायची. यात्रा संपल्या की काढायची.

आता माळ अशी घेत नसतात हे मलाही माहीत आहे. ती गुरूच्या हातून घ्यायची, मांस-मच्छी जन्मभर सोडायची, आणि तुटली तर दुसरी घालेपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घ्यायचं नाही. मी ती भोरच्या बाजारात मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याकडून घेतली. त्यानं आधी मला गळ्यातले इअरफोन दाखवले. मग म्हणाला, "ही पन चांगली चालती. वॉरंटी मात्र न्हाई."

"हे काय?" घरी स्नेहलनं विचारलं.

"माळ."

"ते दिसतंय. तुमच्या गळ्यात का?"

मी योजना सांगितली. ती ऐकताना तिनं काट्यावरचा दुधी तसाच ठेवला.

"अहो, माळ म्हणजे काय चष्मा आहे का, घातला आणि काढला? आणि बाबांना कळलं तर?"

बाबा म्हणजे माझे सासरे कोंडिबामामा. राहणार मार्गासनी. स्नेहलच्या जन्माच्याही आधीपासूनचे माळकरी, खरे.

"मार्गासनीला कोण सांगायला जातंय?" मी म्हणालो.

(मी सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढली ती या असल्या अंदाजांच्या जोरावर.)

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिपाई पप्पूनं माझी माळ बघितली आणि चहाचा कप ठेवून आधी हात जोडले. त्या रविवारी आणखी एका गावी तिखटाला गेलो. वाढपी आला, वाकला, बघितलं, "राम कृष्ण हरी", गेला. मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूला बघून हसलो. तेवढ्यात घरातून हाक आली, "आरं, माळकरी सायब आल्यात. त्येंचं गोडाचं पान आना!"

जो तिखट खात नाही त्याला उपाशी ठेवायची पद्धत आमच्याकडं नाही. त्याच्यासाठी वेगळ्या भांड्यात गोडाचं शिजतं, आणि त्याला अपराध्यासारखं वाटू नये म्हणून चौपट आग्रह होतो. पुरणपोळी आली. तिच्यावर तूप आलं. तूप चमच्यानं नाही, तांब्यानं. मी हात आडवा धरला तर तूप हातावरून ताटात उतरलं. "माळकऱ्याला तूप कमी वाढलं तर देव इचारील आमाला," घरातली म्हातारी म्हणाली. मटणाच्या वेळी मी ‘डॉक्टर’ तरी म्हणू शकत होतो. इथं समोर देव होता. तीन पुरणपोळ्या झाल्यावर मी अ‍ॅप उघडलं. त्याला कटाची आमटी माहीत नव्हती. त्यानं विचारलं, ‘टोमॅटो सूप?’ मी हो म्हणालो. तांब्याभर तुपाला त्याच्याकडं शब्दच नव्हता, म्हणून मी ते सोडून दिलं. रात्री स्नेहल म्हणाली, "आज बरंच हलकं जेवलात की!"

पुढच्या शनिवारी शेफाली मॅडमच्या काट्यानं मात्र टोमॅटो सूप मानलं नाही.

"मटण सोडलंत ना?" मॅडमनी विचारलं.

"एक तुकडा खाल्ला नाही."

"मग वजन कसं वाढलं?"

"भक्ती अंगी लागली असेल," स्नेहल माझ्याकडं न बघता म्हणाली.

त्याच दिवशी मी ती माळ काढून ठेवणार होतो. खरंच. पण घरी आलो तर दारात मार्गासनीहून आलेले कोंडिबामामा बसलेले. आपल्याकडं एसटी पंक्चर होते, बातमी होत नाही. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा, मांडीवर तुपाची बरणी. मला बघून उठले, जवळ आले आणि वाकून माझ्या पाया पडले. माळकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात वय बघत नाहीत. पण सासरा आपल्या पायाशी वाकलाय म्हटल्यावर मी जो मागं सरकलो तो थेट कपाटावर आपटलो.

"मामा, हे काय करताय!"

"आसू द्या, पाव्हणं." त्यांचे डोळे भरले होते. "आमच्या घरात माळ माझ्यापाशीच संपनार आसं धरून चाललो व्हतो. गोरखनं काय घातली न्हाई. जत्रंत समदं घर मांडवात तिखट खातंय आन म्या वट्यावर भिंतीकडं तोंड करून येकटा जेवतोय. पयले दोघं-तिघं शेजारी बसायचे, त्ये गेलं. आनंदराव येतो, पन त्येचा दर जत्रंला उपास. औंदा म्या फुलीला सांगितलंय, माझ्या पानाशेजारी दुसरं पान मांडायचं."

फुली म्हणजे माझ्या सासूबाई, फुलाबाई. गोरख माझा मेहुणा. आणि ते दुसरं पान माझं.

मला त्यांना खरं सांगायचं होतं. शब्द जिभेवर आले होते. तेवढ्यात त्यांनी तुपाची बरणी माझ्या हातात दिली आणि जीभ मागं फिरली.

तेव्हापासून माळ गळ्यात राहिली ती मामांसाठी. रोज फोन यायचा, "पाव्हणं, काय जेवलात?" दुधी म्हटलं की खूश. मीही खूश असल्यासारखं बोलायचो. पण खरं सांगू? मला मटण आठवायचं. ताटात असताना ज्याला मी कॅलरी म्हणत होतो, ते ताटातून गेल्यावर मला लहानपणच्या मित्रासारखं आठवायला लागलं. फोडणीचा वास आला की मी त्या घराचं आडनाव विचारायचो.

मार्गासनीची यात्रा आली. स्नेहल पहिल्याच दिवशी आईच्या मदतीला गेली होती. दुसऱ्या दिवशी, तिखटाच्या दिवशी, मी भोरहून स्कूटरवर एकटा निघालो. भोरहून मार्गासनीला जायचं तर वाटेत कापूरहोळ लागतं, आणि कापूरहोळला मानसिंगचा ढाबा लागतो. रस्त्याचा दोष आहे हा. माझा विचार सरळ होता. मार्गासनीत मांडवभर मटणाचा वास असणार, मी वट्यावर पुरणपोळी चिवडत बसणार, आणि माझी नजर मांडवाकडं गेली तर मामांना वाईट वाटणार. त्यापेक्षा आधीच थोडं खाऊन गेलं तर मन शांत राहील. मामांच्या सुखासाठी मी ढाब्यात शिरलो.

माळ गळ्यात ठेवून मटण खायचं नाही, एवढा धर्म मला कळतो. हात धुवायच्या बेसिनजवळ भिंतीत ओळीनं खिळे मारले होते. एकावर कुणाची तरी माळ आधीच लटकत होती. मी माझी शेजारच्या खिळ्यावर टांगली.

"खिळ्यांची सोय बरी केलीय," मी मानसिंगला म्हणालो.

"करावी लागती, साहेब," तो मसाला ढवळत म्हणाला. "श्रावणात तर कमी पडत्यात."

मग ताट आलं. तांबडा रस्सा, त्यावर तर्री, गरम बाजरीची भाकरी, फोडलेला कांदा. मी मोबाईल उपडा ठेवला. पुढचं मला नीट आठवत नाही, दुसरं ताट आल्याचं तेवढं आठवतं. भानावर आलो तेव्हा उशीर झाला होता. घाईनं हात धुतले, स्कूटरला किक मारली आणि सुटलो.

मार्गासनीत मामांच्या अंगणात मांडव भरला होता. वट्यावर मात्र शेणानं सारवलेल्या जागेत शेजारी शेजारी दोन पानं मांडली होती, दोन्हीभोवती रांगोळी. एका पाटावर मामा बसले होते. बाजूला खुर्चीवर आनंदराव, गळ्याभोवती उपरणं घट्ट लपेटून. "माझा आज उपास," ते म्हणाले आणि त्यांनी तोंडावर हात धरून एक ढेकर दिली.

मी पाटावर बसलो. मामींनी पुरणपोळी वाढली. मामांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, डोळे उघडले, माझ्याकडं बघून हसले आणि घास मोडायला हात पुढं केला. तो तिथंच थांबला.

"पाव्हणं, माळ?"

माझा हात गळ्याकडं गेला. गळा होता.

"तुटली, मामा," मी म्हणालो. "येताना. गाडीवर. वाऱ्यानं."

(वाऱ्यानं माळ तुटते हे मलाही त्याच क्षणी समजलं.)

मामांनी हात मागं घेतला. "मग दुसरी घालस्तवर घास न्हाई, पानी न्हाई."

"बरोबर आहे मामा. मी नाही खात. तुम्ही जेवा." खरं तर माझ्या पोटात घासाला जागाच नव्हती. मनातल्या मनात मी वाऱ्याचे आभार मानले.

"तुमी उपाशी आन म्या जेवू व्हय?" मामांनी स्वतःचं पान पुढं सरकवलं. "गोरख, गाडी काढ. नसरापूरला महाराज आल्यात, त्येंच्याकडनं माळ आन. तवर आमी दोघं हितं बसतो."

गोरख जेवता जेवता उठला आणि गेला. वैशाखातलं ऊन. म्हातारा माणूस पाण्याचा तांब्या लांब ठेवून ताठ बसलेला. मांडवातली माणसं मटण खाता खाता आमच्याकडं बघत होती. "सासरा-जावई आसावं तर आसं," कुणीतरी म्हणालं, आणि दोन-तीन बायकांनी डोळ्याला पदर लावला. माझ्या पोटात दोन ताटं मटण होतं, आणि माझ्या शेजारी एक माणूस माझ्यासाठी उपाशी बसला होता. मला लाज वाटली. स्नेहल दारातून आली, पंख्यानं वारा घालतेय असं दाखवून वाकली आणि कानाशी म्हणाली, "मिशीला तर्री लागलीय. पुसा."

मी मिशी पुसत होतो तेवढ्यात अंगणात मोटारसायकल थांबली. गोरख इतक्यात कसा आला म्हणून सगळ्यांनी बघितलं. गोरख नव्हता. मानसिंग होता. घामाघूम, हातात प्लॅस्टिकची पिशवी.

"घावलात एकदाचे!" तो थेट वट्याशी आला. "साहेब, अहो मटण खाताना माळ काडून ठेवली ती बेसिनपाशीच इसरलात! माज्या ध्यानात आलं, ह्ये जत्रंला निघाल्यात, माळंबिगर घास उतरायचा न्हाई. गिऱ्हाईक टाकून आलो बघा." त्यानं पिशवीत हात घातला आणि दोन माळा बाहेर काढल्या. "दोन राहिल्या व्हत्या. यातली तुमची कंची? आन दुसरी कुनाची, वळखता का?"

आनंदरावांनी उपरणं आणखी आवळलं. त्यांचा चेहरा निळसर दिसायला लागला होता.

मांडवात हाडं चोखायचा आवाज थांबला. मानसिंग एकदा माझ्याकडं, एकदा मामांकडं बघत राहिला. आपण काय चांगलं काम केलंय हे त्याला हळूहळू कळायला लागलं असावं, कारण दोन्ही माळा माझ्या पानाशेजारी ठेवून तो मागच्या मागं निघून गेला.

मामांनी मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी अजून काहीतरी खोटं सांगितलं असतं. तेवढी तयारी होती. ते फक्त मामींना म्हणाले, "पाव्हण्यांना तिकडं मांडवात बसवा. त्येंचं पान तिकडं हाय."

मी उठलो, मांडवात जाऊन बसलो. ताट आलं, बादली आली, कुणी आग्रह केला नाही. माझ्या घशाखाली घास उतरेना असं लिहिलं तर बरं दिसेल. पण उतरला. दुसराही उतरला. तिसऱ्याला मी सहज वट्याकडं बघितलं. मामी माझं गोडाचं पान उचलायला वाकल्या होत्या.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. मग भिंतीकडं वळून बसले. समोर पान तसंच.

मला ते बघवेना. मी ताट सोडून उठलो, नळावर जाऊन हात धुतले, चूळ भरली, पुन्हा भरली, आणि सगळ्या मांडवाच्या देखत वट्यावर जाऊन उभा राहिलो.

"मामा, चुकलो. माळ मनापासून नव्हती घातली. मटण कुणी वाढू नये म्हणून घातली होती. वजन उतरायला."

मामा भिंतीकडून वळले. मग त्यांनी हात लांबवून दोन्ही माळा उचलल्या. एक नुसती बघितली आणि आनंदरावांच्या मांडीवर ठेवली. दुसरीचे मणी बोटांनी चोळले. मग दाताखाली धरून बघितला एक.

"पाव्हणं, ह्ये पलास्टिक हाय."

मला वाटलं, आता जमिनीनं पोटात घ्यावं. (तिच्याही पोटाचा विचार करायला हवा होता.)

"म्हंजी तुमी माळ घातलीच न्हवती," मामा म्हणाले. "मग मोडलं काय? काय बी न्हाई." त्यांच्या मिशा हलल्या. "पन येक सांगा. मटन नको तर सरळ न्हाई म्हनायचं. येवडा खटाटोप कशापायी?"

"लोक ऐकत नाहीत हो मामा. नाही म्हणायला जड जातं."

"आँ? कचेरीत आमी पाय झिजवतो, तवा तर तुमाला न्हाई म्हनायाला कदी जड जात न्हाई!"

मांडवात जे हसू फुटलं ते थांबेचना. प्रत्येकाचा कुठला ना कुठला कागद माझ्याकडं होता.

हसणं ओसरलं तसं मामांनी शेजारच्या पाटावर हात थापटला. "बसा. माळ न्हाई म्हनून हितं बसू नये आसं कुनी सांगितलं? म्या काय माळंसंगं जेवनार व्हतो व्हय? शेजारी मानूस पायजे व्हता. फुले, वाढ."

मी बसलो. मामांनी पहिला घास खाल्ला, मग मी खाल्ला. दोन ताटं ढाब्यावरचं मटण, त्यावर मांडवातलं तिखट, त्यावर पुरणपोळी आणि तांब्यातलं तूप. एकेक घास खाली जागा विचारत उतरत होता. पण मामा शेजारी भरभर जेवत होते, मधेच मांडवाकडं तोंड करून बोलत होते, आणि नको म्हणायची माझी छाती झाली नाही. गोरख नसरापूरहून परत आला, झालेला प्रकार ऐकला, आणि "दाजी, हसा की जरा" म्हणत त्यानं आम्हा दोघांचा मोबाईलवर फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो तालुकाभर फिरला.

पुढच्या शनिवारी शेफाली मॅडमनी काटा बघितला, मला बघितलं, आणि काही बोलायच्या आधी त्यांची नजर स्नेहलच्या मोबाईलवर गेली. तिनं तोच फोटो लावून ठेवला होता.

"हे काटक आजोबा कोण? वय काय?"

"माझे बाबा. पंच्याहत्तरी गाठलीय."

"आणि आहार?"

"पुरणपोळी, तूप. जरा जास्तच."

शेवटचं मॅडमनी ऐकलं नाही. "हा फोटो मला पाठवा," त्या म्हणाल्या.

आठवड्यानं जाऊन बघतो तर भिंतीवर नवी जोडी. फोटो मधोमध कापलेला. डावीकडे मी, खाली ‘उपचारापूर्वी’. उजवीकडे, ज्यांनी त्या दवाखान्याची पायरीसुद्धा बघितली नव्हती ते कोंडिबामामा, खाली ‘उपचारानंतर’. कापताना माझं थोडं पोटही कापलं गेलं होतं. त्या उपचारांनी माझं उतरलेलं पोट ते तेवढंच.

ही बातमीसुद्धा मार्गासनीला पोचली आणि मामा एसटीनं फोटो बघायला आले. आम्हाला घेऊन जिना चढले, अक्षरं लावत दोन्ही पाट्या वाचल्या आणि गंभीर झाले.

"बाई, ह्यो मधी कापलाय का?"

"आजोबा, आधीचं आणि नंतरचं वेगळं दिसावं म्हणून."

"पन आमी शेजारी बसलो व्हतो. लई वर्सांनी कुनीतरी बसलं व्हतं." मामांचा आवाज असा होता की मॅडमनी लगेच दुसरी अख्खी प्रत काढली आणि कापलेल्या तुकड्यांच्या जागी चिकटवली. खालच्या दोन्ही पाट्या तशाच राहिल्या. इतकं माझ्यासाठी आजवर कुणी भांडलं नव्हतं.

मामा दोन पावलं मागं गेले, डोळे बारीक करून फोटो बघितला आणि समाधानानं मान हलवली.

"आता झ्याक दिसतंय. फकस्त येक करा बाई, माजी पाटी जरा सरकवून घ्या. पाव्हण्यांचं पोट ‘उपचारानंतर’मदी शिरलंय."